कोण गेलं ते कुणी सांगंना

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिता पिता, हसत वाचत आले. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाच्या माळ्यावर पावलं वाजतात... मी मनात म्हणायची, मांजर असेल. लग्नाआधी मी वसमतला एका शाळेत विज्ञान शिकवायची. गावच्या जत्रेत अंगात आलेल्या बाईला मी सगळ्यांसमोर उलटसुलट प्रश्न विचारले, म्हणून हेडसरांनी बोलावून समज दिली होती. स्वभावच तसा आहे. त्यामुळे हे लिहायला सर्वात जास्त लाज मलाच वाटते आहे.

आम्ही ओमानमध्ये सूर नावाच्या गावात राहतो. समुद्रकाठचं छोटं शहर आहे, लाकडी जहाजं बांधणारं. माझा नवरा सतीश इथल्या एका गॅस प्लांटमध्ये आहे. भारतात यायचं तर आधी मस्कतचा विमानतळ गाठावा लागतो. गाडीनं दोनेक तासांचा रस्ता. जाताना उजव्या हाताला सतत समुद्र, डावीकडे बोडके तपकिरी डोंगर, आणि मध्ये आरशासारखा हायवे. वस्ती फार कमी.

माझं सासर वसमतजवळच्या कुरुंद्याचं. सासऱ्यांना सगळे नाना म्हणायचे. हळदीचं रान, आणि हळदीच्या डागासारखा पक्का त्यांचा राग, पण माझ्यावर जीव होता. मी उलट बोलते याचं त्यांना कौतुक वाटायचं. "ही एकटीच घरात सरळ बोलती," असं ते पाहुण्यांना सांगायचे.

आता एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे मयताची खबर सरळ देत नाहीत. माणूस लांब असला, वाटेत असला, तर नक्कीच नाही. "तब्येत जास्त हाय, निघून या," एवढंच सांगायचं. ऐकणारा समजतो, सांगणाऱ्यालाही माहीत असतं की तो समजलाय, तरी दोघं तब्येतीचंच बोलत राहतात. नानांनी तर अशा कितीतरी खबरा लोकांना दिल्या होत्या. गावात कुणाकडं असं काही झालं की फोन लावायला त्यांनाच बोलवायचे.

तर, गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. नानांचा दमा वाढला. नांदेडला नेलं, परत आणलं. माझे दीर गजानन, त्यांना मी भाऊजी म्हणते, त्यांनी सतीशला फोन करून सांगितलं, तब्येत जास्त आहे. त्या वेळी ते खरंच होतं. सतीशनं साहेबाशी भांडून सुट्टी मिळवली, दुसऱ्या दिवशीची हैदराबादची तिकिटं काढली. सकाळी तो बॅगा गाडीत ठेवत होता तेव्हा भाऊजींचा फोन माझ्या मोबाईलवर आला.

"वहिनी, नाना गेले. पहाटंच गेले. दादाला आता सांगू नका, त्याला गाडी चालवायचीय. एअरपोर्टात आत गेल्यावर सांगा. आमी माती थांबवलीय, तुमी आल्याबिगर करत न्हाई."

मी हो म्हणाले. न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि गाडीत येऊन बसले.

सतीश काही दूधखुळा नाही, तोही कुरुंद्याचाच. सूर सोडलं तसं त्यानं विचारायला सुरुवात केली. गज्याचा फोन आला होता का? काय म्हणाला? खरं सांग. मी म्हटलं, तब्येत जास्तच आहे, डॉक्टर आहेत जवळ. त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. मी समुद्राकडे तोंड करून बसले. मला खोटं बोलता येत नाही, बोललं तर चेहऱ्यावर दिसतं. आणि त्या रस्त्यावर गाड्या अशा सुसाट असतात की त्याचा हात जरा हलला असता तरी संपलं असतं. त्याला विमानात नीट बसवायचं, बापाचं तोंड बघायला मिळू द्यायचं, एवढंच मला करायचं होतं.

वाटेतल्या तिवी गावाच्या अलीकडे फोन वाजला.

सतीशचा मोबाईल गाडीला जोडलेला असतो. समोरच्या स्क्रीनवर नाव आलं, नाना. सतीशनं बटण दाबलं. मला वाटलं भाऊजी असतील नानांच्या फोनवरून, आणि आता ते काही बोलून बसतील... मी हात पुढं केला, पण आवाज आला होता.

"सतीश? कुठं हायेस?"

नानांचा आवाज. तो खरबरीत, शेवटचा शब्द ओढून बोलायचा आवाज दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. सतीशच्या डोळ्यात पाणीच आलं. म्हणाला, तुमच्याकडंच येऊन राहिलो.

"काहून?"

गज्यानं तब्येत जास्त सांगितली म्हणून, असं सतीश म्हणाला. त्यावर नाना म्हणाले, मला काय झालंय, सकाळपासून दमसुद्धा लागला न्हाई. आणि मग तक्रारीच्या सुरात बोलत राहिले. हळद शिजवायची मशीन रानात येऊन उभी आहे. हळद काढून पडली आहे. आणि सगळे कामं टाकून घरात येऊन बसलेत. विचारलं तर कुणी बोलत नाही. सतीश हसला. म्हणाला, तुम्हालाच बघायला आलेत ते, चहा पाजा आणि कामाला लावा. नाना "व्हय का" म्हणाले. त्यांना ते पटलेलं वाटलं नाही. सतीशनं गाडी चालवतोय, नंतर करतो, म्हणून फोन ठेवला.

मी काय करत होते? सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसले होते. डोक्यातली विज्ञानाची बाई मात्र भराभर पर्याय काढत होती. भाऊजींची चूक झाली असेल. नाडी लागली नसेल, पुन्हा श्वास आला असेल, असं होतं म्हणतात. मी मोबाईल मांडीआड धरून भाऊजींना मेसेज करून विचारलं, नाना नक्की गेलेत ना? उत्तर लगेच आलं. डॉक्टर पहाटंच येऊन सांगून गेले, आता बर्फाच्या पेटीत ठेवलंय, असं काय विचारता वहिनी.

इकडे सतीशचा चेहरा उजळला होता. त्यानं गाडी कडेला घेतली. म्हणाला, नाना ठणठणीत आहेत, गज्या घाबरट आहे. पुढच्या एक्झिटला वळवू आणि घरी जाऊ. सुट्टी आता घालवली तर दिवाळीला मिळायची नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यानं स्वतःच्या कानानं ऐकलं होतं.

त्या क्षणी खरं सांगायचं माझ्या ओठावर आलं होतं. पण मी सांगितलं असतं तरी त्यानं मानलं नसतं. आणि मानलं असतं तर मग आत्ता बोललं ते कोण, हे मी त्याला काय सांगणार होते? मी म्हटलं, दर वेळी आजारी पडल्यावरच भेटायचं का त्यांना? बरे आहेत तर बरे असताना भेटू. चल.

त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि गाडी मस्कतच्याच दिशेनं काढली. मग तो गुणगुणायला लागला. मला त्याचं ते गुणगुणणं ऐकवत नव्हतं, पण थांब तरी कसं म्हणू?

पुढं कुरियात गावाजवळ एक पेट्रोल पंप आहे, बाजूला मल्याळी माणसाचं चहाचं दुकान. सतीश उतरला. नानांना दात नाहीत, मऊ खजूर घेतो, म्हणाला. मोबाईल गाडीतच राहिला, इंजिनही चालू. लख्ख ऊन होतं, शेजारी एक टँकर उभा होता, एक माणूस काच पुसत होता. हे मुद्दाम सांगते, कारण भीती वाटावी असं तिथं काहीच नव्हतं.

स्क्रीन उजळली. नाना. मी हात लावला नाही. लावला नाही हे मी शपथेवर सांगते. तरी आवाज आला.

"बाई, तू हायेस का तिथं?"

मला वाटतं मी हो म्हणाले.

"सतीशनं हसण्यावारी नेलं. तू सरळ सांगशील म्हणून तुला इचारतो. तुझी सासू भिंतीला टेकून बसली. गज्या रडून राहिला. मी त्यांच्या बराबर समोर बसून इचारतो, तर माझ्याकडं कुणी बघंना. घरातलं कोण गेलं, बाई?"

गाडीत एसीचा आवाज होता फक्त. खिडकीतून सतीश दिसत होता, दुकानदारासमोर एकेक खजूर दाबून बघत होता. मी तोंड उघडलं, आणि आमच्याकडे ज्याला त्याला सांगतात तेच वाक्य बाहेर पडलं.

"कुणी गेलं नाही, नाना. तब्येत जास्त आहे."

 हे वाक्य त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं होतं. त्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला कळणार? मग अगदी हळू, घाबरलेल्या लेकरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"कुणाची?"

सतीशनं दार उघडलं. गरम वारा आत आला आणि स्क्रीनवर पुन्हा नकाशा दिसायला लागला. कुणाचा फोन होता, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, कुणाचा नाही. त्यानं खजुराची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

पुढचं थोडक्यात सांगते. विमानतळावर आत गेल्यावर, बसायला जागा मिळाल्यावर, मी त्याचा हात धरून सांगितलं. तो आधी रागावला, मग मोबाईल काढून मला तो आलेला फोन दाखवायला लागला. एकच दिसत होता, तिवीजवळचा. त्यानं भाऊजींना लावला, आणि आता आम्ही आत आहोत कळल्यावर भाऊजी मोकळेपणी रडले. नानांचा फोन तर सकाळपासून माझ्याच हातात आहे, म्हणाले, सोयऱ्याधायऱ्यांना त्याच्यावरनंच कळवून राहिलो, तुम्हाला त्यावरनं लावलाच नाही. सतीश तिथंच, लोकांच्या बॅगांच्या मध्ये, खाली बसला. त्या दिवसापासून तो त्या फोनबद्दल फारसं बोलत नाही. बोललो होतो, एवढंच म्हणतो, आणि मी ऐकलं होतं, एवढंच मी म्हणते.

हैदराबादहून गाडी करून आम्ही सकाळी कुरुंद्यात पोचलो. त्यानं तोंड बघितलं, अग्नी दिला. शिजवायची मशीन खरंच रानात उभी होती, आणि तिच्याभोवती हळदीचे ढीग. हे आम्हाला आधी दुसऱ्या कुणीही सांगितलेलं नव्हतं.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना.

कावळे होते, झाडावर भरपूर होते. पण खाली कुणी येईना. सतीशनं हात जोडून सांगितलं, आईला अंतर देणार नाही. भाऊजींनी सांगितलं, रान विकणार नाही, हळद वेळेत लावू. सासूबाईंनी आवडीचं सगळं ठेवलं होतं. ऊन चढलं. जमलेली माणसं कुजबुजायला लागली. शेवटी गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू या, किती वेळ थांबणार.

या प्रकारावर मी वर्गात पोरांना किती हसवलं असेल... पण त्या दिवशी मला हसू येत नव्हतं. मला पंपावरचा तो प्रश्न ऐकू येत होता. सगळे नानांना वचनं देत होते, त्यांनी विचारलेलं मात्र कुणी सांगत नव्हतं, कारण विचारलेलं कुणालाच माहीत नव्हतं. मी उठून पिंडापाशी गेले. बायका मागून ओढत होत्या. मी खाली वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं,

"नाना, तुम्ही विचारलं होतं ना, कोण गेलं. तुम्ही गेलात. त्या दिवशी पहाटेच गेलात. माझ्याच्यानं सांगवलं नाही."

आणि परत फिरले. कावळा मी बघितला नाही. मागून माणसांचा सुटकेचा आवाज आला, तेव्हा कळलं.

भाऊजी आजही सांगतात, रानाचं वचन दिलं म्हणून शिवला. असेलही. कावळ्याला भूक लागली असेल, तोपर्यंत माणसांची गर्दी हटली असेल, दोन्ही फोन म्हणजे माझ्या ताणलेल्या डोक्याचा खेळ असेल. पण पहिला फोन सतीशनंही ऐकला, त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. कुणाला कळत असेल तर जरूर लिहा. दुसऱ्या फोनचं सतीशला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही, तो हे वाचेल तेव्हाच त्याला कळेल.

लोकांना वाटलं, कावळा शिवल्यावर मला हायसं वाटलं असेल. तसं झालं नाही. मी नदीवर त्या दिवशी पहिल्यांदा रडले. आमच्याकडे अशी खबर सरळ कुणालाच देत नाहीत. मी ती दिली, आणि ज्याची होती त्यालाच दिली.