सरांचा कीबोर्ड कुणी काढला

सरांचा कीबोर्ड काढून टाका, असं मीच लिहिलं होतं.

आज शेख सरांना जाऊन वर्ष झालं. हे कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो, आणि क्रमानं सांगतो.

येरमाळ्याबाहेरच्यांसाठी: स्टँडसमोरच्या माडीवर सरांचा टायपिंगचा क्लास होता. आपल्यातले कितीतरी क्लार्क त्याच जिन्यावरनं उतरले.

मी त्यातला नाही. कॉम्प्युटर, मोबाईल रिपेअरिंग, सगळं माझं मी शिकलो. त्याचा मला माज होता. होता म्हणजे, आहे.

सर दुकानात यायचे आणि माझं दोन बोटांचं टायपिंग बघत उभे राहायचे.

"दत्तोबा, बाकीची आठ काय अंगठ्या घालायला ठेवली का रं?"

"काम होतंय की, सर."

"काम कोंबडीचंबी होतं. एक एक दाणा."

क्लास बंद झाल्यावर मुलीनं त्यांना टॅब घेऊन दिला. मी त्याला बारका कीबोर्ड जोडला आणि मराठी टायपिंगचं एक ॲप टाकलं. तेही बीटा, म्हणजे बाजारात यायच्या आधीचं कच्चं व्हर्जन. मी त्याचा टेस्टर आहे ना.

सरांना विचारलं नाही. नवीन म्हणजे चांगलं, एवढंच मला कळत होतं.

त्यात टाइपरायटरचा जुना लेआउट, म्हणजे कोणतं अक्षर कोणत्या बटणावर ती मांडणी, होता. सर खिडकीबाहेर बघत दहा बोटांनी टाइप करायचे.

रोज सकाळी, नमाज झाली की, गावाच्या ग्रुपवर सरांचा "आजचा उतारा" यायचा. जुन्या विद्यार्थ्यांच्या सरावासाठी. सराव कुणी करत नव्हतं, वाचत सगळे होते.

एक जसाच्या तसा देतो:

"येडशीकडून येणारी पहिली गाडी आज वीस मिनिटे उशिरा. वाहकाचे म्हणणे, चाक. माझे म्हणणे, चहा."

मग कंपनीनं टेस्टर लोकांना विचारलं, कोणता लेआउट नको?

मी लिहिलं: "टाइपरायटरचा. आता कुणी वापरत नाही. काढा."

सर डोक्यात आलेच नाहीत. टॅब मीच जोडून दिला होता, आणि तरी आले नाहीत.

अपडेट आलं. लेआउट गेला.

उतारा बंद झाला. ग्रुपवर लोक विचारायला लागले, सर बरे आहेत ना?

चौथ्या दिवशी मी घरी गेलो. सर टॅबसमोर बसले होते, हात मांडीवर.

"मी एक दाबतो, हे दुसरंच उमटतंय. माझी बोटं बिघडली का याचं डोकं, बघ बरं."

मी बघितलं. जुनं व्हर्जन टाकलं, उघडेना. दुसरं ॲप टाकलं, त्यात जोडाक्षरं तुटायची. शेवटी अपडेटची सूचना वाचून दाखवली: कमी वापरामुळं काढलं.

"कमी म्हंजे किती? मी एक हाय की."

मी ती सूचना उगाच वर-खाली सरकवत राहिलो.

"कुणी सांगितलं असंल रं यांना, काढा म्हणून?"

"कंपनीवाले, सर. त्यांच्या मनाला येईल तसं."

हे मी सरांच्या तोंडावर बोललो.

टेस्टर लोकांच्या पानावर तोवर धुरळा उडाला होता. कुणी एक स्टार दिला. कुणी बिघडलेल्या कीबोर्डवरच तक्रार टाइप केली, ती कुणालाच वाचता येईना. एकानं शिव्या दिल्या, त्याही इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी उमटत नव्हतं.

सरांनी कपाटावरचा टाइपरायटर उतरवला. कागद चढवला. डावीकडं दहा घरं समास. विषय, संदर्भ, महोदय.

"मी हा लेआउट रोज वापरतो. तो काढल्यापासून मला लिहिता येत नाही. कृपया परत द्यावा."

तीन वाक्यं. खाली सही.

मी म्हणालो, "सर, यात व्हर्जन नंबर न्हाय. टॅब कोणता ते न्हाय."

"ते तू घाल. तुला नंबर लई आवडतात."

मी पेनानं खाली नंबर लिहिला. कागदाचा फोटो सरांनी स्वतः काढला आणि त्या पानावर स्वतः टाकला.

तिथंच खरी गोम आहे. पानावर सगळ्यांची उत्तरं नावासकट दिसतात. सरांच्या फोटोच्या वर तिसरं उत्तर माझं होतं.

"आता कुणी वापरत नाही. काढा."

सरांनी ते वाचलं का? वर्षभर हाच प्रश्न. दुसऱ्याचं काही न वाचता पान उलटणारा माणूस नव्हता तो. स्वल्पविराम चुकला तरी थांबायचे.

फोटो टाकून झाल्यावर त्यांनी टाइपरायटर माझ्याकडं सरकवला. म्हणाले, "बस दत्तोबा. दोन्ही हात ठेव. आज शिकवतो."

मी म्हणालो, "दुकान उघडं टाकून आलोय, सर."

आणि निघालो.

तिसऱ्या आठवड्यात लेआउट परत आला. "वापरकर्त्यांच्या प्रतिसादावरून." ग्रुपवर लोकांनी माझं अभिनंदन केलं. दत्तानं पाठपुरावा केला म्हणे. मी हात जोडलेला इमोजी टाकला. सरांनी अंगठा.

त्यानंतर अकरा उतारे आले. मोजलेत. अकरावा आला त्याच दिवशी दुपारी सर जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

गेल्या आठवड्यात कंपनीनं पुन्हा तोच प्रश्न विचारलाय. कोणता लेआउट नको?

या वेळी "मी हा वापरतो" असं लिहायचंय. पण मी खोटं लिहिणार नाही. एकदा बोललो तेवढं बास.

म्हणून आठ दिवस झाले, रोज सकाळी सरांच्या लेआउटवर शिकायला बसतोय. हे सगळं त्याच लेआउटवर टाइप केलंय. सहाला सुरुवात केली, आता दुकान उघडायची वेळ झाली. कोंबडी बरी असा वेग आहे.

टाइप झालं की तिकडं उत्तर टाकणार. नावासकट.

सर, ते मीच लिहिलं होतं.

दोन्ही हात ठेवलेत. करंगळी अजून ऐकत नाही.

सलाम, सर.