ब्याऐंशी बोअरची वही

कवठे येमाईतल्या ब्याऐंशी बोअरना पाणी किती खोलवर आहे, हे फक्त एका माणसाला ठाऊक आहे, आणि ती माझी बायको आहे. म्हणजे मलाही ठाऊक असेल, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या.

धुरपदा आमच्या पाणी संस्थेची मोजणीदार. अकरा वर्षं झाली, दर महिन्याला टेपच्या टोकाला नट बांधून बोअरमध्ये सोडते, फूट वाचते, वहीत लिहिते. पगार नाही, मान आहे. म्हणजे सभेत बसायला खुर्ची, तीही मोडक्या पायाची. संस्था निघाली तेव्हाच ठरलं होतं, आकडा ज्याचा त्याचा. गावाला सांगायची फक्त सरासरी, तिच्यावरनं ठरवायचं औंदा कांदा लावायचा का हरभऱ्यावर भागवायचं. वही गावाबाहेर द्यायची तर सभेची मंजुरी पाहिजे. ह्या शब्दावर लोक तिला बोअरचं झाकण उघडून देतात. नाहीतर आमच्याकडं माणूस बायकोला खिसा दाखवत नाही, पाणी कसलं दाखवतोय!

यंदा पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. सगळे आकडे द्या, आम्ही ॲप बनवतो, बदल्यात संस्थेला कॉम्प्युटर देतो. आमचे अध्यक्ष पोपटराव हरखले. कॉम्प्युटर कुणाच्या घरी ठेवायचा, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. काय ती दूरदृष्टी! मार्चपासून हे स्वतःचा बोअर कोरडा पडलाय म्हणून सांगतात. गावात सरकारी टँकर शिरला की पहिला पाइप त्यांच्या टाकीत, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या गिताबाईच्या हंड्यात शेवटचा गाळ.

धुरपदाला जेवण जाईना. "आकडे बाहेर गेले की शिक्रापूरचे पाणी विकणारे टँकरवाले बरोबर भरल्या बोअरवर येऊन बसत्याल. आन् मंग मला झाकण कोण उघडून देईल? अकरा वर्षांचा शब्द हाय माझा," म्हणाली आणि रडली. मी मोठ्या धीरानं सांगितलं, "सभेत बोल की." मी स्वतः बोलणार नव्हतो.

आमची वार्षिक सभा फार शिस्तीची. अध्यक्ष विषय वाचतात, आम्ही 'मंजूर' म्हणतो आणि जिलेबी खातो. विषय कळलाच पाहिजे, अशी काही अट नाही. एका वर्षी श्रद्धांजलीचा ठरावसुद्धा आम्ही टाळ्या वाजवून मंजूर केलाय.

सातव्या विषयाला पोपटराव म्हणाले, "पाण्यात काय लपवण्यासारखं हाय? देऊन टाकू आकडे."

"मंजूर, मंजूर!" खोटं कशाला सांगू, त्यात माझाही आवाज होता. सवय हो.

धुरपदा उठली. माझ्याकडं असं बघितलं की हातातली जिलेबी मी परत पानात ठेवली. मग चष्मा लावून तिनं वही उघडली.

"मंजूर झालं नव्हं? मंग परक्यानं बघायच्या आधी आपल्या माणसांनी ऐकावं. वाचते. बोअर नंबर एक, अध्यक्ष पोपटआप्पा..."

"वहिनी, थांबा, थांबा!"

"का वो आप्पा? लपवण्यासारखं काय हाय?"

पोपटरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि ओरडले, "नामंजूर!"

संस्थेच्या जन्मापासून हा शब्द कुणी ऐकला नव्हता. अध्यक्षच म्हणतात म्हटल्यावर सगळा मांडव ओरडला, "नामंजूर, नामंजूर!" काहींना अजून विषय कळला नव्हता.

घरी येताना मी विचारलं, "खरंच वाचली असतीस व्हय गं?"

"येड लागलंय का तुम्हास्नी? शब्द दिलाय."

"बरं, मला तरी सांग. किती फुटावर हाय त्यांचं पाणी?"

"सांगते की. आधी तुमचा आकडा त्यास्नी सांगून येऊ का?"

मी झपाझप घराकडं चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तो थेट गिताबाईच्या दारात थांबला. पाइप धरायला अध्यक्ष स्वतः हजर होते.