शिनोलीच्या स्टँडवरचा ठिपका

“अण्णांचं बोट चुकून पडलं, राव. म्हातारं मानूस, चष्मा कपाळावर. त्यास्नी काय कळतंय त्यातलं? आन् मंग ते दर गुरवारी कुठं जात्यात, ते समद्या भावकीला दिसाया लागलं.”

हे विधान माझा धाकटा चुलतभाऊ बबन गेले वर्षभर, ओझरच्या मंगल कार्यालयापासून नारायणगावच्या टोमॅटो बाजारापर्यंत, जिथे चार माणसे उभी दिसतील तिथे करीत आहे. त्यात तीन चुका आहेत. चष्मा माझ्या नाकावर होता. मी छत्तीस वर्षे टपाल खात्यात नोकरी केली असून त्यांतली अकरा पोस्टमास्तर म्हणून काढली आहेत. तेव्हा मला काय कळते, हे बबनने ठरवू नये (त्याला आलेली मनीऑर्डर दोनदा परत गेली होती, कारण त्याने स्वतःचाच पत्ता चुकीचा कळवला होता). आणि तिसरी, मुख्य चूक: बोट चुकून पडलेले नाही.

झाले ते असे. माझी नात मुक्ता पुण्यात मोबाईलची ॲप बनवते. आमच्या खोडद परिसरात उसात बिबट्या फिरू लागल्यापासून, शेतावर गेलेला माणूस घरी पोचला की नाही हे कळावे, म्हणून तिने सबंध भावकीसाठी एक ॲप तयार केले. ज्याच्या हातात फोन, तो नकाशावर ठिपका होऊन दिसतो. मात्र कोणाला दिसावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. न ठरवल्यास कोणालाही दिसत नाही.

मी तपासणी केली आणि त्रुटी काढल्या.

“यात जन्मतारीख विचारलेली नाही,” मी म्हणालो.

“लागत नाही, अण्णा.”

“रक्तगट? गट नंबर? गोत्र?”

“बिबट्याला गोत्र कशाला लागतंय?”

“हे भावकीचे काम आहे, मुक्ता. माहिती पूर्ण हवी.”

“जे लागत नाही ते मागायचंच नाही. मागितलं की सांभाळावं लागतं, आणि सांभाळता आलं नाही की कुणाच्या तरी हाती पडतं.” मग ती हसून म्हणाली, “तुम्ही नव्हता का लोकांची पत्रं न वाचता पोचवत?”

मी नव्हतो वाचत. पोस्टकार्डेसुद्धा उलटी धरून मी शिक्के मारले आहेत. हा मुद्दा तिने जिंकला, असे मी येथे मान्य करतो.

मुक्ता पुण्याला परतली आणि दुसऱ्याच दिवशी मी त्या ॲपमध्ये ‘सर्वांना दिसू द्या’ हा पर्याय निवडला. सर्वांना म्हणजे खोडदपासून चाकणपर्यंत पसरलेल्या आमच्या झाडून साऱ्या भावकीला. ज्या गावात आकाशातले दूरचे काही ऐकण्यासाठी शेतांच्या मधोमध अवाढव्य अँटेना उभ्या आहेत, त्या गावाला एका म्हाताऱ्याचा ठिपका ऐकू यायला कितीसा वेळ लागणार?

आता गुरुवारचे सांगतो. सुमनला, म्हणजे माझ्या पत्नीला, जाऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती. तिचे माहेर शिनोली. दर गुरुवारी मी नारायणगावहून एसटी पकडतो, एकदा गाडी बदलतो आणि शिनोलीच्या स्टँडवर उतरून दोन तास बसतो. एवढेच. याविषयी मी कोणाशी बोललो नव्हतो.

दुर्दैव असे की त्या स्टँडला लागून एक दुमजली इमारत आहे. खाली खताचे दुकान आणि वर वधू-वर सूचक मंडळ. नकाशावर खताच्या दुकानाचे नाव नाही. मंडळाचे आहे. माझा ठिपका दर गुरुवारी दुपारी साडेतीन ते साडेपाच बरोबर त्या नावावर बसलेला दिसे.

पहिला फोन एका पुतण्याचा आला. “अण्णा, जाताच हाय तर आमच्या पोराचं पन नाव घाला की. बारावी पास, चार एकर बागायत. लिवा की मुलीकडच्यांची कायबी अट चालंल.”

मी त्याला खुलासा केला. त्याने तो ऐकला आणि फोन ठेवण्यापूर्वी मुलाची उंची सांगितली.

दुसरा फोन ओतूरच्या एका दूरच्या वहिनींचा. “भावजी, मंडळाच्या नादाला कशाला लागता? माज्या बघन्यात हाय एक. तुमच्याच वयाची. गुडघं अजून धड हायती.”

“वहिनी, मला गुडघे नको आहेत.”

“मंग काय पायजे, ते तरी सांगा.”

मी योग्य शब्द शोधू लागलो, आणि माझा तो क्षणभराचा विलंब भावकीत लाज म्हणून नोंदवला गेला.

तिसरा फोन चिंचवडहून माझ्या मुलाचा. “अण्णा, तुम्ही काही ठरवलं असेल तर आम्हाला आधी सांगा. आमची हरकत नाही.” मी काहीही ठरवले नव्हते. परंतु त्याचा फोन पुष्कळ दिवसांनी आला होता, त्यामुळे मी लगेच नाकारले नाही. आधी पिंपरी-चिंचवडच्या पाण्याविषयी विचारले, मग गाडीच्या टायरविषयी, आणि सगळे विचारून झाल्यावरच ‘तसे काही नाही’ म्हणालो. या दिरंगाईचा अर्थ त्याने जो काढायचा तो काढला आणि बबनला कळवला.

पुढच्या गुरुवारी बबन आणि त्याची बायको इंदू जीप घेऊन शिनोलीत हजर झाले. इंदू नवे पातळ नेसली होती. सोबत नारळ होता. (नारळ कशासाठी, हे बबन आजतागायत सांगत नाही.) दोघे आधी सरळ वरच्या मजल्यावर गेले. तिथल्या बाईंनी वही चाळून माझे नाव नसल्याचे सांगितले. तेव्हा इंदूने खिडकीतून खाली पाहिले, तर मी बाकावर बसलेलो.

“अण्णा, हितं काय करताय?” खाली येऊन बबनने विचारले.

“गाडीची वाट बघतो आहे.”

“कुठल्या?”

“येईल ती.”

तेवढ्यात घोडेगावकडे जाणारी गाडी आली, थांबली आणि गेली.

“चढला न्हाई की,” बबन म्हणाला.

“नाही.”

इंदू माझ्या शेजारी बसली. बाकावरून हात फिरवत म्हणाली, “वैनी हितंच थांबायच्या, न्हाई का?”

हितंच. सुमन माहेरपण आटोपून निघाली, की मी तिला न्यायला येत असे. ती वेळेवर स्टँडवर येऊन बसे आणि टपालाची थैली बांधण्याच्या सबबीवर मी प्रत्येक वेळी उशिरा. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. मी घामाघूम होऊन उतरलो की म्हणे, “बसा जरा, दम घ्या.” इतक्या वर्षांत एकदाही मी वेळेवर पोचलो नाही. आता पोचतो. साडेतीनच्या आत.

हे मी त्या दोघांना सांगितले नाही. बबनने नारळ जीपमध्ये परत ठेवला आणि चहा मागवला. परतीच्या वाटेवर त्याने ठरवून टाकले: “काय काळजी करू नगा, अण्णा. मी समद्यास्नी सांगतो, चुकून बटान दाबलं गेलं म्हून.”

त्याचा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. त्याचे विधान मात्र मान्य नाही.

त्या रविवारी मुक्ता आली. तिने फोन माझ्याच हातात ठेवून ‘सर्वांना’ बंद करायला लावले.

“तूच कर की,” मी म्हणालो.

“मला करता येत नाही, अण्णा. तुमचं तुम्हीच उघडायचं आणि तुम्हीच मिटायचं, असंच बनवलंय ते.” मग खाली बघून म्हणाली, “बबनआजोबा म्हणतात, चुकून झालं.”

“बबन काहीही म्हणतो.”

“मग?”

मी विषय बदलला. आता बदलत नाही.

चव्वेचाळीस वर्षे मी पायात चपला सरकवल्या, की स्वयंपाकघरातून सुमनचा आवाज येई, “कुठं निघालात?” निघत्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये, काम होत नाही, असा आमच्या घरचा रिवाज. मी प्रत्येक वेळी चिडत असे, चपला काढून पाणी पीत असे आणि पुन्हा निघत असे. ती पुन्हा विचारीत असे. आता मी चपला घालतो आणि थेट फाट्यापर्यंत जातो. एकदाही परत फिरावे लागत नाही.

राहिला बबनच्या विधानाचा निकाल. मुक्ताच्या त्या ॲपमध्ये ‘सर्वांना’ म्हटले, की ते लगेच उघडत नाही. आधी एक चौकट येते: ‘का उघडता आहात, ते स्वतःसाठी लिहा. हे फक्त तुमच्याच फोनात राहील.’ माणसाने क्षणभर थांबून विचार करावा, म्हणून तिने ती ठेवली आहे. तिथे काही लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी काय लिहिले ते बबनला दिसत नाही, मुक्तालाही दिसत नाही, म्हणून मीच येथे नोंदवतो. एका बोटाने, जोडाक्षरांसह, पूर्णविराम देऊन मी लिहिले होते: ‘कुठे निघालात असे विचारणारे घरात कोणी राहिलेले नाही, तरी कोणीतरी विचारावे.’

इतके सारे चुकून टाइप होण्याइतके माझे बोट जाड नाही.