परिक्रमेत कापलेले बूट

नर्मदा परिक्रमेला निघणारे लोक शहाद्याच्या माझ्या दुकानात येऊन विचारतात, बरोबर काय न्यावं? मी बुटांचा दुकानदार आणि परिक्रमा करून आलेला, म्हणून त्यांच्या लेखी जाणकार. मी सांगतो: ओझं कमी ठेवा, पहाटे चाला, उन्हात थांबा. समुद्राकाठी नदीचं मुख नावेनेच ओलांडायचं असतं आणि भरती आल्याशिवाय नाव सुटत नाही, तेव्हा प्यायचं पाणी आणि कोरडं खाणं जवळ असू द्या. बूट एक नंबर मोठे घ्या आणि महिनाभर वापरून मगच निघा. हे सांगताना माझा आवाज चढतो. गिऱ्हाइकाला वाटतं मी त्याच्यावर चिडलो. चिडतो मी स्वतःवर.

परिक्रमेचा संकल्प बायकोचा होता. मी नुसता सोबतीला, तोही धुसफुसत. धंदा सोडून नदी उजव्या हाताला ठेवायची आणि महिनोन् महिने पायी हिंडायचं. वाहनात बसलं की परिक्रमा खंडित. हे ठरवलं कुणी, असं मी रोज विचारायचो. आश्रमात चहा गार मिळाला की नर्मदामैयाच्या नावाने बोटं मोडायचो. बायको 'नर्मदे हर' म्हणून पुढे निघायची. तिच्या पायात माझ्या दुकानातले सगळ्यात भारी बूट होते, निघायच्या आदल्या दिवशी खोक्यातून काढलेले. घट्ट असले तरी चालून सैल होतात, हे मी गिऱ्हाइकांना तीस वर्षं ऐकवत आलो होतो. तिने काही विचारायच्या आधीच तिलाही ऐकवलं.

ओंकारेश्वरहून सातपुड्यात येईपर्यंत ती बुटांबद्दल एक शब्द बोलली नाही. धडगावच्या पुढे, मोलगीच्या वाटेवर, एका चढाला ती मटकन खाली बसली. बूट काढले तर मोजे रक्ताने चिकटलेले, दोन्ही अंगठ्यांची नखं काळीठिक्कर. माझं डोकंच फिरलं. आधी बायकोवर ओरडलो, मग मैयावर. घरदार सोडून तुझ्या मागे आलेल्या बाईचे हे हाल करतेस, तर तू कसली आई? मागून जीप आली, मी हात केला. जीप थांबली, पण बायको जागची हलली नाही.

"मी गाडीमा बसाव नही," ती म्हणाली. "परकम्मा मोडी जाई."

जीप निघून गेली. मी रागाने झोळी दगडावर आपटली.

माझा आरडाओरडा ऐकूनच असेल, वरच्या शेतातून एक पावरा आदिवासी बाई हातात विळा घेऊन उतरली. तिने पाय पाहिला, बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं आणि मला विचारलं, "पाय कापू, का बूट?" बूट नवा आहे, भारी आहे, असं मी सांगायला लागलो. तिने ऐकून घेतलं नाही. विळ्याने दोन्ही बुटांची टोकं उडवली. मग घरी नेऊन पाय कोमट पाण्याने धुतले, स्वच्छ लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या, मक्याची भाकर आणि उडदाची डाळ वाढली. तीन दिवस तिने आम्हाला हलू दिलं नाही. चौथ्या दिवशी बायको त्याच बुटांत, बोटं बाहेर ठेवून, चालू लागली. त्या बाईला मैयाने पाठवलं का, हे मला सांगता येणार नाही. ती जीप सोडली तर तासभर त्या वाटेवर माणूस दिसला नव्हता, एवढं खरं.

पुढे समुद्राकाठी आम्ही भरतीची वाट बघत बसलो होतो. बूट पहिल्या दिवसापासून चावत होते, तर बोलली का नाहीस, असं मी बायकोला विचारलं.

"तुम्ही रागे भरतस, म्हनीसन नही सांगं."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. नखं काळी पडेपर्यंत ती माझ्या भीतीने चालत राहिली होती आणि मी दोष देत होतो नदीला. मला रडू आवरेना. तोवर मी मैयाशी नुसता भांडलो होतो, मागितलं काहीच नव्हतं. नाव सुटली तेव्हा हात जोडले. मैया, त्या बाईला पाठवलंस, तुझे उपकार आहेत. माझा राग मला आवरत नाही, तो तूच सांभाळ. हिला माझी भीती वाटू देऊ नकोस.

नावेत गर्दी होती. थोड्या वेळाने बायकोने मला कोपराने ढकललं.

"सरका तिकडे. मन्हा पाय दबी ऱ्हायना."

मी सरकलो.