आबा त्या चित्रात नव्हते

मित्रांनो, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही. सावद्याचे एक केळी बागायतदार मुलीला घेऊन जळगावला माझ्या घरी आले होते. "भाऊ, हिला निसर्गचित्रंच काढायचीत म्हणे. पाठवू का आर्ट कॉलेजला?"

मला पटकन हो म्हणता आलं नाही.

नव्वदच्या सुमारास मी शाळेतली ड्रॉइंग मास्तरची पक्की नोकरी सोडली, चित्रांवरच जगायचं म्हणून. धरणगावला आमचे आबा, म्हणजे माझे वडील, त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासे झाले. आठवडाभर मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो आणि रविवारी आमच्याच कपाशीच्या शेतात चित्र काढत बसायचो. आबा तिथेच तण निंदत असायचे, पण मान वर करून बघायचे नाहीत.

पुढे धुळ्यात माझं पहिलं प्रदर्शन लागलं. आई एकटीच एसटीने आली. आमच्या शेताच्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बठ्ठं शे रे. बांध शे, निंब शे. तुना बाप कोठे शे?"

खरंच, चित्रात सगळं होतं, फक्त आबा नव्हते. तेच चित्र लोकांना आवडलं आणि मला कामं मिळू लागली. आबा मात्र न बोलताच गेले.

आज त्या गृहस्थांना शेवटी एवढंच म्हणालो, "पाठवा. पण उद्या तिचं काही बिनसलं, तरी तिच्याशी बोलणं सोडू नका."

ते खाली बघत राहिले. मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

तुमच्या घरात असा अबोला कधी आला होता का? आधी कोण बोललं?