धोंड्याच्या जेवणाला काय नेसावं

अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालतात, तसं आम्हीही घातलं; फक्त आमचा जावई स्कॉटलंडचा. लग्नाला माझा थोरला भाऊ आला नव्हता. भाचीच्या पाठीशी उभं राहायला मामाच नाही, हे माझ्या मनाला फार लागलं होतं. दादा अजूनही जावयाला 'तुज्या पोरीचा नवरा' असंच म्हणायचा. या जेवणाला पाथर्डीहून यायला मात्र कसाबसा कबूल झाला.

"आमचा दादा येतोय, हाफ पँट सोडून काहीही घाल," असं मी जावयाला सासूच्या तोऱ्यात बजावलं. त्यानं बॅगेतून काढला चौकड्यांचा, चुण्यांचा लोकरी घागरा. किल्ट! त्यांच्याकडे सणासमारंभाला पुरुष हेच नेसतात म्हणे. मी कपाळावर हात मारून घेतला. पण बिचाऱ्यानं आमच्या मानासाठीच तो एवढ्या लांबून आणला होता.

मग केडगावच्या आमच्या हॉलमध्ये पंचायत भरली. घरगुती संध्याकाळ आहे, कोट-टाय नको, साधा पांढरा शर्ट बास, असं मुलीनं ठरवलं. मोजे गुडघ्यापर्यंत ओढायचे की खाली गुंडाळायचे, यावर लेक-जावयाचं चांगलंच वाजलं. पुढं लटकणारी चामड्याची पिशवी माझ्या नवऱ्याला आवडली. मोबाईल ठेवायला बरी, म्हणाला.

दादा वहिनींना घेऊन आला. जावयाला खालून वरपर्यंत न्याहाळून, "पान-तंबाखूची चंची लई मोठी हाय," एवढंच बोलला. मी घाईघाईनं पाट मांडायला घेतले.

खरी फजिती पाटावर झाली. जावयानं मांडी घातली आणि घागरा चढला वर. वहिनींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. कपडे ठरवताना जावई उभा होता. तो मांडी घालून बसणार आहे, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दादा पाटावरून उठला. हा आता एसटी पकडतो, असं मला वाटलं. पण त्यानं आपल्या पिशवीतून आहेराचे टॉवेल-टोपी काढले. खरं तर ते जेवणानंतर द्यायचे असतात. टॉवेल त्यानं जावयाच्या मांडीवर नीट पसरला, टोपी डोक्यावर ठेवली आणि शेजारी बसून माझ्यावरच खेकसला, "बघतीस काय नुसती? आपल्या जावायाला तूप वाढ की!"

मी वाढलं. ते धोंड्यावरून ओघळून ताटाबाहेर गेलं, तरी माझा हात थांबेना.