कलावंतीची ओटी

आता तिथे उल्हासनगर आहे, बराकी शोधून सापडायच्या नाहीत. पण त्या काळी कल्याणहून टांग्याने वालधुनी नदी ओलांडली की लष्कराच्या जुन्या बराकीच बराकी लागत. लढाई संपली, शिपाई गेले आणि फाळणीनंतर कराचीहून बोटीने आलेली सिंधी कुटुंबं तिथे येऊन पडली. मध्ये गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं! तिथल्या बायकांना शिवण शिकवायला प्रमोदिनीबाई जायच्या. वर्ग कसला, नुसती जत्रा. मशिनी दोन आणि तोंडं वीस! बाई रागावल्या की बायका त्यांच्याच तोंडात पापडाचा तुकडा कोंबायच्या. बाईंचा पाय तिथून निघत नसे.

घरी तरी काय होतं? बाई एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेल्या. हळदीकुंकवाला बायका आल्या की मुकाट्याने माजघरात जाऊन बसायच्या. बराकीत मात्र त्यांना कुणी उठवत नसे. सिंधी बायका स्वतःच रोज कुंकू लावत नसत, तेव्हा बाईंचं कोरं कपाळ त्यांना काही सांगतच नव्हतं. बाईंनीही सांगितलं नाही. कशाला सांगतील?

वर्गात सगळ्यांत चांगला हात कलावंतीचा. तिची आई बराकीत आल्याआल्या तापाने गेलेली. कलावंतीला सातवा लागला. हौसाबाई सुईणीने आपल्या रीतीप्रमाणे एका शेजारणीची ओटी भरलेली तिने पाहिली होती. एक दिवस तांदूळ, नारळ, खण घेऊन ती आली आणि बाईंपुढे ओढणी पसरून बसली.

"बाई, मेरी ओटी आप भरो. आई नाही ना मला."

विधवेचा हात आणि पोटुशी पोर! "मी नको. हौसाबाईला सांग," म्हणत त्या तडक बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवसापासून कलावंती यायची बंद झाली. मग हौसाबाई तणतणत आली. "बाई, ती म्हनते, आमी निर्वासित, बाईंना आमचा विटाल होतो. बालंतपनाला मला पन हात लावू देनार नाय म्हनते!"

बाई तशाच उठल्या आणि कलावंतीच्या बिऱ्हाडाचा पडदा सारून उभ्या राहिल्या.

"अगं वेडे, मी विधवा आहे. आमच्यात विधवेने ओटी भरायची नसते. तुझ्या बाळाला काही झालं असतं म्हणजे?"

त्या बोलून गेल्या. आता इथलं माजघरही नशिबी आलं, असं त्यांना वाटलं.

"मेरी माँ भी विधवा थी," कलावंती म्हणाली. "ती असती तर भरली नसती?"

ते तांदूळ, नारळ, खण कोपऱ्यात तसेच पडले होते; बाईंनी ते पुढे ओढले. "पसर ओढणी," त्या म्हणाल्या.

सवय नसलेल्या हातातून निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. मागून आलेली हौसाबाई पडद्याशी थबकली. काहीतरी बोलणार होती. पण खाली वाकली, सांडलेले तांदूळ गोळा केले आणि बाईंच्या ओंजळीत घातले.